लताबाईंच्या चाहत्यांत शिरताना: किस्सा तपासावा कसा, गाणं सुचवावं कसं

लता मंगेशकरांची गाणी सगळ्यांनीच ऐकलेली असतात आणि नवख्याची अडचण नेमकी तिथेच होते. चार मुरलेले चाहते एकत्र बसले की गप्पा "लग जा गले"पासून सुरू होत नाहीत. एक जण अनिल विश्वासांच्या एखाद्या चालीवर बोलत असतो, दुसरा म्हणतो हे कडवं रेकॉर्डवर नाहीच, फक्त चित्रपटात आहे, आणि तिसऱ्याला वेगळीच शंका असते: हा आवाज लताचा की सुमन कल्याणपूरांचा? नवखा माणूस अशा वेळी एकतर गप्प बसतो, नाहीतर फोनवर आलेला एखादा किस्सा तसाच पुढे ढकलतो. गप्प बसलेलं बरं, दुसरं नको.

हा लेख त्या नवख्यासाठी आहे. माझी कसोटी एकच: जो किस्सा ऐकल्यावर गाणं पुन्हा लावावंसं वाटतं, तो सांगण्यालायक. मूळ नाव हेमा होतं, नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं, शाळेत एकच दिवस गेल्या... हे सगळं सांगून सांगून गुळगुळीत झालंय. ते सांगितलंत तर लोक मान डोलावतील आणि विषय बदलतील. (आणि हो, दीदी म्हणा, लताबाई म्हणा किंवा नुसतं लता म्हणा. जुने चाहते तिन्ही म्हणतात, कुणी रागवत नाही.)

१. आधी एक संगीतकार धरा

सगळी लता ऐकायला निघालात तर महिन्याभरात दमाल. वर्षानुसार ऐकणंही कंटाळवाणं होतं आणि नायिकेनुसार ऐकलं तर लक्ष पडद्याकडेच राहतं. संगीतकार धरून ऐका. हाच गळा मदन मोहनकडे एक होतो, सी. रामचंद्रांकडे दुसरा आणि सलील चौधरींकडे तिसराच. एकाच संगीतकाराची दहा-पंधरा गाणी लागोपाठ ऐकली की त्याने या आवाजाकडून काय मागितलंय ते कानाला कळायला लागतं.

मराठीतून शिरायचं असेल तर तीन दारं आहेत. वसंत प्रभूंचं दार सगळ्यांत सोपं: "कल्पवृक्ष कन्येसाठी", "गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का". सरळ चाली, शब्द स्वच्छ, एकदा ऐकलं की गुणगुणता येतं. श्रीनिवास खळ्यांचं दार दिसायला सोपं आहे, आत गेल्यावर मात्र पायऱ्या लागतात. हृदयनाथ मंगेशकरांकडे शक्यतो शेवटी जा. "मालवून टाक दीप" किंवा "मोगरा फुलला" चांगलीच आहेत, पण त्यांच्या चालींतली वळणं पकडायला कान थोडा तयार लागतो.

हिंदीत मी नवख्याला सी. रामचंद्रांपासून सुरू करायला सांगतो. "अनारकली" (१९५३) मधलं "ये ज़िंदगी उसी की है" ऐका आणि लगेच "आज़ाद" (१९५५) मधलं "कितना हसीं है मौसम" लावा. त्या युगुलगीतातला पुरुषाचा आवाज तलत महमूदचा वाटतो, पण तो खुद्द सी. रामचंद्रांचा आहे. गाताना ते चितळकर हे आपलं आडनाव वापरत. हे कळल्यावर ते गाणं दुसऱ्यांदा न ऐकणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

२. किस्सा गाण्याला बांधून सांगा

"महल" (१९४९) चं उदाहरण घ्या, कारण त्यात चांगला किस्सा आणि साधी माहिती दोन्ही शेजारी शेजारी सापडतात.

साधी माहिती अशी की "आएगा आनेवाला"ची पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव छापलं होतं कामिनी. कामिनी हे चित्रपटातल्या मधुबालाच्या पात्राचं नाव. पार्श्वगायकांची नावं द्यायची रीत तेव्हा रुळलेली नव्हती. गाणं रेडिओवर वाजायला लागलं आणि लोक विचारायला लागले की ही कामिनी कोण, तेव्हा खरं नाव बाहेर आलं. माहिती खरी आहे, मजेची आहे, पण ती ऐकून गाण्यात काही नवीन ऐकू येत नाही.

आता दुसरी गोष्ट. गाण्याच्या सुरुवातीला "ख़ामोश है ज़माना" या ओळी येतात. खेमचंद प्रकाशना तो आवाज लांबून जवळ येतोय असा हवा होता. आज हे काम यंत्रावर होतं. तेव्हा माइक खोलीच्या मधोमध ठेवला आणि लताबाईंना कोपऱ्यात उभं केलं. गात गात त्या एकेक पाऊल माइककडे येत गेल्या आणि "आएगा" सुरू व्हायच्या वेळी माइकपाशी पोहोचल्या. हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. एवढं सांगून समोरच्याच्या कानाला हेडफोन लावा आणि सुरुवातीचं मिनिटभर ऐकवा. आवाजाचा आकार बदलत जातो, आधी पोकळ, मग भरीव. इतकी वर्षं ऐकलेल्या गाण्यात आता त्याला खोली दिसायला लागते.

असे किस्से आणखी आहेत. श्वास कुठे आणि कसा घ्यायचा, म्हणजे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही, हे आपल्याला अनिल विश्वासांनी शिकवलं असं लताबाई सांगत. हे सांगितल्यावर "तराना" (१९५१) मधलं तलतबरोबरचं "सीने में सुलगते हैं अरमाँ" लावा आणि श्वास शोधायला सांगा. शोधूनही सापडत नाही. किंवा तो लोकलमधला प्रसंग: अनिल विश्वासांबरोबर जाताना दिलीपकुमार भेटले आणि मुलगी मराठी आहे म्हटल्यावर म्हणाले की मराठी लोकांच्या उर्दूला डाळ-भाताचा वास येतो. लताबाईंनी ते मनावर घेतलं आणि शिक्षक लावून उर्दू शिकल्या. हा किस्सा बहुतेकांना ठाऊक असतो, पण त्याला गाणं जोडून देणारे कमी. "अनपढ़" (१९६२) मधलं "आपकी नज़रों ने समझा" ऐकताना फक्त "नज़रों"मधल्या ज़कडे लक्ष ठेवा. तो किस्सा तिथे ऐकू येतो.

३. सांगण्याआधी तपासा

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात.

पहिला घोळ "पहिलं गाणं" या शब्दांचा. कुणी विचारलं, लताचं पहिलं गाणं कोणतं, तर घाईने उत्तर देऊ नका. आधी विचारा, पहिलं म्हणजे कसलं पहिलं? "किती हसाल" (१९४२) साठी सदाशिवराव नेवरेकरांच्या चालीवर "नाचू या गडे" रेकॉर्ड झालं, पण ते चित्रपटातून वगळलं गेलं. म्हणजे गायलेलं पहिलं हे. त्याच वर्षी "पहिली मंगळागौर"मध्ये दादा चांदेकरांचं "नटली चैत्राची नवलाई" आलं, म्हणजे पडद्यावर पोहोचलेलं पहिलं हे. पहिलं हिंदी गाणं "माता एक सपूत की दुनिया बदल दे तू", पण ते आहे "गजाभाऊ" (१९४३) या मराठी चित्रपटात. हिंदी चित्रपटातलं म्हणाल तर "आप की सेवा में" (१९४७) मधलं दत्ता डावजेकरांचं "पा लागूँ कर जोरी". आणि ज्याने त्यांच्याकडे लोकांचं लक्ष गेलं ते "मजबूर" (१९४८) मधलं ग़ुलाम हैदरचं "दिल मेरा तोड़ा". पाच उत्तरं, पाचही बरोबर. दोन चाहते यावरून भांडत असतील तर ते बहुधा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात.

दुसरा घोळ आकड्याचा. "लताने तीस हजार गाणी गायली" हे वाक्य तुमच्या कानावर कधी ना कधी पडणारच. त्याचा उगम गिनीजच्या पुस्तकात आहे. १९७४ मध्ये तिथे नोंद झाली की १९४८ ते १९७४ या काळात त्यांनी किमान २५,००० गाणी रेकॉर्ड केली. पुढे हा आकडा फुगत गेला. मोहम्मद रफींनी आक्षेप घेतला आणि १९९१ नंतर ती नोंद पुस्तकातून गेलीही. पण आकडा राहिला. याला पुस्तक लागत नाही, बोटं पुरतात. २६ वर्षं म्हणजे साधारण साडेनऊ हजार दिवस. २५,००० भागिले ९,५०० केलं तर रविवार, दिवाळी, आजारपण काहीही न धरता रोज अडीचपेक्षा जास्त गाणी होतात. त्या काळात वर्षाला शंभराच्या आसपास हिंदी चित्रपट निघत आणि एकेकात आठ-दहा गाणी असत. म्हणजे रफी, मुकेश, गीता, आशा सगळ्यांना घरी बसवून प्रत्येक गाणं लताला दिलं तरी हिशेब जेमतेम जुळतो. एकेक गाणं नावानिशी लिहून काढणाऱ्या संग्राहकांचा आकडा हिंदी चित्रपटगीतांपुरता पाच हजारांच्या आसपास येतो. इतर भाषा आणि खाजगी गाणी त्यात मिळवा, तरी तो पंचवीस हजारांच्या जवळपास फिरकत नाही. खुद्द लताबाई आपण मोजदाद ठेवली नाही असंच म्हणत. २०११ मध्ये गिनीजने आशाबाईंच्या नावे नोंद केली ती ११,००० पर्यंतची, तीही वीसहून जास्त भाषा मिळून. एवढं सगळं गप्पांत ऐकवू नका, माणूस पळून जाईल. भागाकार तेवढा करून दाखवा.

तिसरा घोळ सालाचा आणि याला गाणी ऐकवणारी ॲप जबाबदार आहेत. तिथे गाण्याखाली जे साल दिसतं ते बहुतेकदा त्या संकलनाचं असतं. १९६० चं गाणं तिथे खुशाल २००५ चं म्हणून बसलेलं असतं. संगीतकाराचं नावही कधीकधी चुकीचं असतं. चित्रपटाच्या श्रेयनामावलीवर, रेकॉर्डच्या लेबलवर, किंवा हरमंदिर सिंह "हमराज़" यांनी दशकवार काढलेल्या "हिंदी फ़िल्म गीत कोश"वर विश्वास ठेवा. एखाद्या मुरलेल्या चाहत्याकडे कोश असतो, त्याच्याशी मैत्री करा. लेबलवरचं सगळं मात्र डोळे मिटून घेऊ नका. कामिनीची गोष्ट वर सांगितलीच आहे.

आणि एक तारीख: "ऐ मेरे वतन के लोगों" पहिल्यांदा गायलं गेलं ते दिल्लीत २७ जानेवारी १९६३ ला. २६ जानेवारीलाही नाही आणि १५ ऑगस्टलाही नाही. ते कुठल्याही चित्रपटातलं नाही.

कडव्यांबद्दल थोडं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. त्यामुळे पडद्यावरचं गाणं आणि रेकॉर्डवरचं गाणं यांत फरक पडे, कधी एखादं कडवं इकडे नसे, कधी तिकडे. कुणी म्हणालं की यात आणखी एक कडवं आहे, तर खोटं समजू नका. चित्रपट काढून बघा.

४. आवाज ओळखायला शिका

सुमन कल्याणपूरांची गाणी लताची म्हणून फिरतात, आणि ती फिरवणारे कधीकधी वीस-वीस वर्षांचे चाहते असतात. रफींबरोबरचं "आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे" (ब्रह्मचारी, १९६८) सुमनताईंचं आहे. "ना ना करते प्यार" (जब जब फूल खिले, १९६५) त्यांचंच. "दिल एक मंदिर है"सुद्धा.

रफींबरोबरची गाणी इतकी का, याला कारण आहे. साठीच्या दशकात रॉयल्टीवरून लता आणि रफी यांचं बिनसलं आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. त्या काळातली रफींची बरीच युगुलगीतं सुमन कल्याणपूरांकडे गेली. त्या भांडणात कोण बरोबर होतं यावर तासभर वाद घालता येतो, पण त्या वादापेक्षा त्या काळातली रफी-सुमन गाणी ऐकणं केव्हाही चांगलं. दोन आवाज वेगळे करायला सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे सुमनताईंचं मराठी आधी कानात मुरवणं. "केतकीच्या बनी तिथे" आठवडाभर ऐका. मग हिंदीत तो मऊपणा लगेच हाताला लागतो.

आणखी एक गोंधळ: सैगल, मुकेश किंवा किशोरचं गाजलेलं गाणं लताच्या आवाजात अचानक समोर येतं आणि कुणीतरी दुर्मिळ रेकॉर्डिंग सापडल्याच्या आनंदात ते पाठवतो. ते बहुधा "श्रद्धांजली" या संग्रहातलं असतं. १९९२ मध्ये लताबाईंनी इतर गायकांना मानवंदना म्हणून त्यांची गाणी गाऊन तो काढला. दुर्मिळ अजिबात नाही. त्याचा आनंद घालवू नका, संग्रहाचं नाव तेवढं सांगा.

५. सुचवताना

वीस गाण्यांची यादी कुणीही ऐकत नाही. एक गाणं द्या, आणि कुठे कान द्यायचा ते एका वाक्यात सांगा. "श्रावणात घन निळा बरसला" सुचवताना नुसतं "अप्रतिम आहे" म्हटलं तर समोरचा म्हणेल, ऐकलंय. पण सांगा की खळ्यांनी कडव्यांना वेगवेगळ्या चाली दिल्या आहेत, प्रत्येक कडवं वेगळ्या वाटेने निघतं आणि तरी धृपदावर अलगद येऊन टेकतं. मग तो पाडगावकरांचे शब्द विसरून चालीच्या मागे लागेल, आणि तिसऱ्या फेरीत पुन्हा शब्दांकडे येईल.

जोड्या द्या, हा माझा आवडता प्रकार. "परख" (१९६०) मधलं "ओ सजना बरखा बहार आई" आणि तीच चाल बंगालीत, "ना जेओ ना". दोन्ही सलील चौधरींची, दोन्ही लताच्या आवाजात. बंगाली येत नसेल तर उत्तमच, कान सुरांवरच राहतो. दुसरी जोडी: "वो कौन थी" (१९६४) मधलं "लग जा गले" आणि "वीर-ज़ारा" (२००४) मधलं "तेरे लिए". मदन मोहन १९७५ मध्ये गेले, त्यांच्या न वापरलेल्या चाली "वीर-ज़ारा"साठी काढल्या गेल्या आणि त्या गायला पुन्हा लताच. संगीतकार तोच, गळा तोच, मधे चाळीस वर्षं. आवाज बारीक झालाय, श्वास आता ऐकू येतो. यावर चाहत्यांत दोन तट पडतात. मी "तेरे लिए" वाल्यांच्या बाजूचा आहे, पण ते असो.

ज्याला वाटतं की आपण लता पुरती ऐकलीय, त्याला आनंदघन द्या. हे लताबाईंनी संगीत देताना घेतलेलं नाव. "मोहित्यांची मंजुळा" (१९६३), "मराठा तितुका मेळवावा" (१९६४), "साधी माणसं" (१९६५) आणि "तांबडी माती" (१९६९), सगळे भालजी पेंढारकरांचे चित्रपट. "ऐरणीच्या देवा तुला" सगळ्यांना पाठ असतं, पण चाल कुणाची म्हटलं की निम्मे लोक अडखळतात. "अखेरचा हा तुला दंडवत" ऐकवा. त्यात वाद्यं किती कमी आहेत ते दाखवा. हजारो गाणी दुसऱ्यांच्या चालींवर गाणारी बाई स्वतः चाल करायला बसली तेव्हा तिने आवाजाभोवती किती मोकळी जागा ठेवली, ते तिथे कळतं.

आणि सुचवण्याआधी समोरचा काय ऐकतो ते विचारा. ग़ज़ल ऐकणाऱ्याला मदन मोहन, अभंग ऐकणाऱ्याला खळ्यांचे तुकाराम. विशीतल्या पोराला १९४९ ची खरखर पहिल्याच दिवशी देऊ नका.

६. भांडणांचे किस्से आले की

येणारच. ओ. पी. नय्यरांनी लताकडून कधीच का गाऊन घेतलं नाही, सचिनदेव बर्मनांशी का बिनसलं, बहिणी-बहिणींत काय होतं. कारणं सांगणारे खूप, स्वतः हजर असलेला कुणी नाही. अशा वेळी बोलणं गाण्याकडे वळवा, ते सोपं आहे. नय्यरांचं "बाबूजी धीरे चलना" (आर पार, १९५४) गीता दत्तचं आणि "आइए मेहरबाँ" (हावड़ा ब्रिज, १९५८) आशाबाईंचं. त्या जागी लताची कल्पना करून बघा, होत नाही. बर्मनदांशी अबोला असताना त्यांनी "वक़्त ने किया क्या हसीं सितम" (काग़ज़ के फूल, १९५९) गीताला दिलं आणि "काली घटा छाए" (सुजाता, १९५९) आशाला. अबोला सुटला तेव्हा "बंदिनी" (१९६३) मधलं "मोरा गोरा अंग लइ ले" आलं, शब्द गुलज़ार नावाच्या नव्या पोराचे. भांडण नसतं तर यातली किती गाणी आज आहेत तशी असती, हा प्रश्न टाका. कुणीतरी फोन काढून गाणी लावायला लागतो आणि भांडण मागे पडतं.

७. वही ठेवा

फोनमधली यादी चालेल, पण रकाने करा: गाणं, चित्रपट, साल, संगीतकार, गीतकार, कुणी सुचवलं. शेवटचा रकाना महत्त्वाचा. वर्षभराने कुणाचे किस्से तपासात टिकतात आणि कुणाची निवड तुमच्या कानाशी जुळते ते तिथे दिसतं, आणि पुढे कुणाला विचारायचं ते ठरतं. किस्सा तपासून झाला की बरोबरची खूण करा. न तपासलेला सांगायचाच असेल तर "असं म्हणतात" जोडून सांगा.

गीतकाराचा रकाना मात्र नव्वद टक्के लोक रिकामा ठेवतात. "कल्पवृक्ष कन्येसाठी" लताचं, चाल वसंत प्रभूंची, इथवर सगळे सांगतात. शब्द पी. सावळारामांचे आहेत. पुढच्या वेळी चाहत्यांत बसाल तेव्हा सावळारामांचं तुमच्या आवडीचं गाणं कोणतं, असं विचारा. रात्र तिथेच जाईल.